पॉवर स्टिअरिंगची गाडी मॅन्युअल करायची असेल तर

पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा पट्टा कापला, होजपाइप काढले, की गाडी मॅन्युअल स्टिअरिंगची झाली, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. रस्ता हातात जाणवावा म्हणून मी तेच केलं आणि त्या अवस्थेत गाडी महिनाभर चालवली. स्टिअरिंग जड झालं होतं, ते अपेक्षितच होतं. पण हायवेवर स्टिअरिंगच्या मधोमध एक मऊ, रबरासारखी जागा लागायची. स्टिअरिंग बोटभर फिरवलं तरी गाडीला पत्ता नाही, आणि मग एकदम वळायची. पॉवर होतं तेव्हा गाडी याहून नीट चालत होती. महिन्याभराने रॅक (स्टिअरिंगची फिरकी पुढच्या चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा) खाली उतरवून उघडली तेव्हा कळलं, की खरं काम पंपापाशी नाही, रॅकच्या पोटात आहे. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांचा तो महिना वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

माझी गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे तिला सगळे मिआटाच म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीटची, छत उघडणारी, वजन हजार किलोच्या आतबाहेर, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. नवख्याने हे काम शिकायला याहून सोयीची गाडी मला माहीत नाही, कारण माझदाने स्वतःच ती पॉवर आणि मॅन्युअल अशा दोन्ही स्टिअरिंगांसह विकली होती. म्हणजे हातांनी वळवायला ही गाडी योग्य आहे, हे कंपनीनेच ठरवून दिलंय.

तुमची गाडी वेगळी असेल, तर आधी हेच शोधा: त्या मॉडेलची मॅन्युअल स्टिअरिंगवाली आवृत्ती निघाली होती का? निघाली असेल तर पुढे चला. नसेल आणि गाडी जड असेल, पुढे मोठं इंजिन असेल, तर मी स्पष्टच सांगतो, हे काम करू नका. खांद्याचं किंवा मनगटाचं दुखणं असेल, किंवा घरातलं दुसरं कुणी तीच गाडी चालवत असेल, तरीही नको.

रॅकच्या पोटात काय असतं

हे समजून घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

स्टिअरिंगचा दांडा खाली उतरतो तिथे त्याच्या टोकाला पिनियन असतं, म्हणजे छोटं दातेरी चाक. ते रॅकच्या दातेरी दांड्याला डावी-उजवीकडे सरकवतं. मॅन्युअल रॅकमध्ये एवढंच असतं. पॉवर रॅकमध्ये मात्र वरचा दांडा आणि पिनियन एकसंध नसतात. दोघांना जोडणारी एक बारीक सळई असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, टायर विरोध करतात, सळईला पीळ बसतो. त्या पिळामुळे भोवतीचा व्हॉल्व्ह किंचित उघडतो, पंपाचं तेल रॅकवरच्या पिस्टनच्या एका बाजूला शिरतं आणि तुमच्या बरोबरीने ढकलू लागतं. पीळ सुटला की व्हॉल्व्ह मध्यावर येतो आणि मदत थांबते.

आता पंप काढून टाका. दाब गेला, पण सळई तिथेच आहे. आधी सळई पिळली जाते, आणि काही अंशांनंतर आतले पोलादी खाचे एकमेकांना टेकतात, तेव्हा कुठे पिनियन जोरात फिरतं. वाटेत पंप बंद पडला तरी गाडी वळावी म्हणून हे खाचे ठेवलेले असतात. हायवेवर मला जाणवणारी ती मऊ जागा म्हणजे ही सळईच होती.

दुसरी गोष्ट पिस्टनची. रॅकच्या नळीत तो सीलसकट घट्ट बसलेला असतो. पाइप काढून भोकं तशीच बंद केली, तर आतली हवा किंवा तेल जाणार कुठे? इंजेक्शनची सिरिंज घ्या, तोंडाशी बोट धरा आणि दट्ट्या दाबून बघा. रॅकचं नेमकं तसं होतं. म्हणून सील न काढता भोकं बंद करणं हा गैरसोयीचा नाही, सरळ धोक्याचा प्रकार आहे.

कुठला मार्ग घ्यायचा

तीन मार्ग आहेत. पहिला, पंप काढून रॅकचे दोन पाइप एका आखूड होजने एकमेकांना जोडणं. एका दुपारचं काम आहे, पण तेल इकडून तिकडे ढकलायचे कष्ट तुमच्याच हातांना पडतात आणि सळईचा मऊपणा जसाच्या तसा राहतो. ट्रॅकवर जाऊन एक दिवस अंदाज घ्यायचा असेल तर ठीक आहे, कायमचा म्हणून नको.

दुसरा, कंपनीची मूळ मॅन्युअल रॅक मिळवणं. मिळाली तर प्रश्नच मिटला, पण आता ती सहज मिळत नाही. तिचा रेशो १८:१ आहे, म्हणजे स्टिअरिंग १८ अंश फिरवलं की चाक एक अंश वळतं. पॉवर रॅकचा १५:१ आहे. मॅन्युअल रॅक हाताला हलकी लागते, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ३.३ फेरे घ्यावे लागतात. पॉवर रॅकला २.८ पुरतात.

तिसरा, आपलीच पॉवर रॅक उघडून आतली हायड्रॉलिक यंत्रणा निकामी करणं आणि पिनियन एकसंध करणं. मी हा घेतला. पार्किंगमध्ये ही रॅक मूळ मॅन्युअलपेक्षा जड पडते, पण वळणावर तिची चपळाई टिकते. ज्या कारणासाठी आपण हा खटाटोप करतो, म्हणजे रस्ता हातात जाणवावा, ते यात पुरेपूर मिळतं. पुढचं सगळं याच मार्गाबद्दल आहे.

सुरुवात करण्याआधी

गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी ठेवा. स्टिअरिंगच्या प्रत्येक नटाचा टॉर्क, म्हणजे तो किती घट्ट आवळायचा ते माप, त्यातूनच घ्यायचा, अंदाजाने नाही आणि कुणी सांगितला म्हणूनही नाही. टॉर्क रेंच लागेल, टायरॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) काढायचा पुलर लागेल, सर्क्लिपची (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) पक्कड लागेल. नव्या कॉटर पिना (नट फिरू नये म्हणून आरपार घालायच्या पिना), रॅकच्या टोकांवरचे नवे रबरी बूट आणि आतल्या टायरॉडची नवी लॉक वॉशर आधीच आणून ठेवा. जुनी कॉटर पिन सरळ करून परत घालू नका. दोन दिवसांची सुट्टी आणि तिसऱ्या दिवशी पर्यायी गाडी, एवढी सोय हवीच.

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे खालचा एकेक बोल्ट गंजलेला असतो. मी दोन रात्री आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत होतो. कोकणात, समुद्रकाठी गाडी ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

रॅक खाली उतरवणं

गाडी सपाट जागी, पुढची चाकं अगदी सरळ. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि थोडा वेळ थांबा. मग सीटबेल्ट स्टिअरिंगमधून ओवून बक्कल लावा, म्हणजे स्टिअरिंग फिरणार नाही. ही पायरी कुणीही गाळू नये. एअरबॅगवाल्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग असते, गुंडाळलेली पट्टीसारखी वायर. दांडा खालून सुटल्यावर स्टिअरिंग गरगर फिरलं तर ती तुटते, आणि मग एअरबॅगचं कनेक्शनच जातं.

पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. चाकं काढा. पंपाच्या टाकीतलं तेल ओढून घ्या, मग रॅकचे पाइप सैल करून उरलेलं खाली ट्रेमध्ये येऊ द्या. मिआटात लालसर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असतं. ते जमिनीवर किंवा गटारात ओतू नका. इथे बहुतेक ऑटो पार्टची दुकानं वापरलेलं तेल घेतात.

टायरॉड एंडची कॉटर पिन काढा, नट थोडा सैल करा, पण पूर्ण काढू नका. पुलरने जोर लावला की तो ठाक्‌ असा आवाज करत सुटतो, आणि नट असल्यामुळे उडत नाही. सोडवण्याआधी प्रत्येक बाजूला किती आटे बाहेर दिसतात ते मोजून लिहून ठेवा. वर दांड्याच्या जॉइंटवर आणि रॅकच्या शाफ्टवर एकाच रेषेत रंगाची खूण करा, जॉइंटला शाफ्टवर आवळून धरणारा पिंच बोल्ट पूर्ण बाहेर काढा (शाफ्टला त्याच्यासाठी खाच असते, नुसता सैल करून जॉइंट निघत नाही), मग रॅकच्या दोन पकडींचे बोल्ट. रॅक तिरकी करत एका बाजूने बाहेर येते. घाई केली तर हात सोलवटतात.

रॅक उघडणं

बाहेरून आधी स्वच्छ धुवा. टेबलावर जुनी पांढरी चादर घाला. काळ्या तेलात पडलेली छोटी सर्क्लिप फक्त पांढऱ्यावरच दिसते.

बूट काढा, आतले टायरॉड काढा. पिनियनच्या मागच्या बाजूला एक मोठी टोपी असते, तिच्या आत स्प्रिंग आणि रॅकला पिनियनवर दाबून धरणारा ठोकळा. ते काढा. आता पिनियन बाहेर काढण्याआधी रॅक अगदी मध्यावर आणा, दोन्ही टोकं मोजून घ्या, आणि त्या स्थितीत पिनियनचा शाफ्ट व हाउसिंग यांच्यावर खूण करा. फोटोही काढा. परत बसवताना एका दाताचा फरक पडला तर स्टिअरिंग एका बाजूला जास्त वळेल, दुसऱ्या बाजूला कमी.

पिनियनच्या तळाची टोपी आणि नट काढला की व्हॉल्व्हसकट पिनियन वर निघतं. मग नळीच्या टोकाची बुशिंग काढून रॅकचा दांडा ओढून घ्या. पिस्टनवर एक टेफ्लॉनची रिंग आणि तिच्या खाली रबराची रिंग दिसेल. धारदार पातं घ्या, दोन्ही कापून टाका. पातं दांड्याच्या गुळगुळीत भागाला लागू देऊ नका. पिस्टन राहू द्या. सील गेलं की हवा त्याच्या कडेने मोकळी ये-जा करते आणि सिरिंजचा प्रश्न मिटतो.

वेल्डिंग

संपूर्ण कामातली ही एकच पायरी मी स्वतः केली नाही, आणि तुम्हीही करू नये असं मला मनापासून वाटतं, वेल्डिंग हाच तुमचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी.

पिनियन असेंब्ली हातात घ्या. वरचा दांडा एका हाताने, पिनियनचे दात दुसऱ्या हाताने धरून पिळून बघा. जोर लावला की किंचित फिरतं आणि सोडलं की परत येतं. तीच ती सळई. वरचा भाग आणि पिनियन जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा वेल्ड करून हा पीळ कायमचा बंद करायचा. सळई मोकळी सोडली की ती आपोआप मध्यावर येते, त्याच स्थितीत वेल्ड व्हायला हवं.

व्हॉल्व्हच्या टेफ्लॉन रिंगा, बेअरिंग, ऑइल सील, जे निघेल ते आधी काढा, कारण उष्णतेने ते जळतं. तेलाचा थेंबही राहता कामा नये. पण इथे एक जिवावरची गोष्ट आहे. ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत क्लोरिनयुक्त द्रावक असतं, आणि त्यावर वेल्डिंगचा झोत पडला की फॉसजीन तयार होतो. हा विषारी वायू आहे, पहिल्या महायुद्धात तो शस्त्र म्हणून वापरला गेला होता. म्हणून वेल्ड करायच्या भागाला ब्रेक क्लीनर लावूच नका. अ‍ॅसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि वेल्डरला काय लावलंय ते सांगा.

पिनियन कठीण केलेल्या पोलादाचं असतं. असं पोलाद एकदम तापवून एकदम थंड केलं तर तडकतं. चांगला टिग वेल्डर तो भाग आधी कोमट करून घेईल, समोरासमोर टाके मारेल, आणि हळूहळू थंड होऊ देईल. मी पहिल्यांदा ज्याच्याकडे गेलो त्याने घाईत एकाच बाजूने वेल्ड ओढलं. तुकडा किंचित वाकला, बेअरिंग सरळ बसेना, आणि मला दुसऱ्या रॅकमधलं पिनियन शोधावं लागलं. म्हणून पिनियन आणायला जाताना बेअरिंग सोबत न्या आणि तिथेच घालून बघा. मऊ जबड्याच्या वाइसमध्ये धरून जोराने पिळा. आता काहीही हलता कामा नये.

वेल्ड पुढे कधी तुटलं तर काय, हा प्रश्न मलाही छळत होता. सळई आणि ते पोलादी खाचे आत शाबूत असतात, त्यामुळे स्टिअरिंग सुटून जात नाही, जुना मऊपणा परत येतो. ती खूण लक्षात ठेवा. चालवताना तो मऊपणा अचानक परत जाणवला, तर तिथेच गाडी बाजूला घ्या.

परत जोडणी

आधी ही रॅक तेलात न्हात होती, आता तिला तेल मिळणार नाही. दातांवर, ठोकळ्यावर, बुशिंगवर आणि बेअरिंगमध्ये चांगलं ग्रीस भरा. कंजुषी नको, पण नळी गच्चही भरू नका. पाइपांची भोकं आता बूच लावून बंद करा, म्हणजे धूळ-पाणी शिरणार नाही. सील काढलेलं असल्यामुळे आता ते सुरक्षित आहे.

मोठ्या टोपीची घट्टाई मॅन्युअलप्रमाणे लावा. जास्त आवळली तर स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही, आणि सैल राहिली तर खड्ड्यांत खडखड करते. रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा. कुठेही अडखळली तर परत उघडा, गाडीत बसवून बघू असं म्हणू नका.

गाडीत बसवताना सगळं उलट्या क्रमाने: पकडी, खुणेवर खूण जुळवून जॉइंट, नवा पिंच बोल्ट, टायरॉड मोजलेल्या आट्यांवर, नव्या कॉटर पिना. चाकांचे नट मिआटाला ९० ते १२० न्यूटन-मीटर.

पंपाच्या जागी दोन गोष्टी बघायच्या. पंपावर एक छोटा प्रेशर स्विच असतो, स्टिअरिंग वळलं की इंजिनचा आयडल (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) थोडा वाढवायला तो कॉम्प्युटरला खूण करतो. त्याची सुटलेली वायर कुठेही बॉडीला टेकली तर कॉम्प्युटरला वाटेल स्टिअरिंग वळतंय. टोकाला इन्सुलेशन लावून ती बांधून टाका. दुसरं, मिआटात पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर एकाच पट्ट्यावर चालतात. एसी नसेल तर तो पट्टाच गेला. एसी ठेवायचा असेल तर पंपाच्या जागी पट्टा ताणून धरणारी पुली बसवावी लागते, ती आधीच मागवून ठेवा.

अलाइनमेंट आणि पहिली फेरी

दोरी लावून चाकं नजरेने सरळ करा आणि हळू चालवत जवळच्या अलाइनमेंटवाल्याकडे जा. त्याला स्टिअरिंग मॅन्युअल केलंय हे सांगा. कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, जितका जास्त तितकं स्टिअरिंग जड, पण सरळ धावायला स्थिर. मी तो थोडा कमी करून घेतला. टायर मूळ मापाचेच ठेवा, मिआटाला १८५/६० आर१४. रुंद टायर आणि बाहेर आलेली रिम लावून स्टिअरिंग जड झाल्याची तक्रार करणारे मी बरेच पाहिलेत. स्टिअरिंगही लहान करू नका. ३७० मिमीचं काढून ३३० चं लावलं तर तुमच्या हाताचा जोर दहा टक्क्यांहून जास्त कमी होतो.

पहिली फेरी रिकाम्या मैदानात. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ब्रेक लावताना, खड्ड्यावरून जाताना. मग खाली वाकून प्रत्येक नट पुन्हा तपासा.

चालवायची सवय मात्र बदलावी लागते. आमच्याकडे प्रीमिअर पद्मिनी होती. मी शिकत होतो तेव्हा बाबा सारखे म्हणायचे, "उभ्या गाडीत पिळू नकोस रे, आधी जरा हलू दे, मग वळव." इतक्या वर्षांनी, हजारो मैलांवरच्या पार्किंगमध्ये तेच वाक्य कामी आलं. गाडी माणसाच्या चालीने सरकत असली तरी जोर निम्म्याने कमी वाटतो. आणि वेग घेतला की हीच रॅक बोलायला लागते. ओला रस्ता, गुळगुळीत डांबर, खडी, पुढचे टायर सुटायच्या बेतात आहेत का, सगळं तळहातात येतं.

भारतात हे करू पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हायड्रॉलिक नाही, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. मोटर दांड्याला गिअरने जोडलेली असते. फ्यूज काढला तर ती बंद पडते, पण सुटत नाही, आणि तुम्हाला मेलेली मोटर ओढत बसावं लागतं. तो मॅन्युअल करण्याचा मार्ग नव्हे. आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला हात लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्या. इथेही विमा कंपनीला मी आधी कळवलं, मगच गाडी बाहेर काढली.

शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशेनंतर गाडी उचला. टायरॉडचे नट, पिंच बोल्ट, रॅकच्या पकडी टॉर्क रेंचने बघा. बूट चेपून बघा, कुठे फाटलेत का, ग्रीस बाहेर आलंय का. मग एकाला स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली रॅकच्या शाफ्टवर बोट ठेवा. वरची हालचाल आणि बोटाखालची हालचाल एकाच क्षणी व्हायला हवी.